काळा डाव

सासूबाईंच्या मखमली पेटीत वाढपाचा जुना संच होता. मोठा डाव, दोन पळ्या, चिमटा आणि पसरट कालथा, सगळं जर्मन सिल्व्हरचं. त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. "जर्मनीची चांदी," सासूबाई पाहुण्यांना सांगत, "काळी म्हणून कधी पडत नाही." पाहुणे माना डोलवत.

जावई मात्र तेव्हा ताटाकडे बघत बसे. भांड्यांवर चांदीचं पाणी चढवणं हाच त्याचा धंदा. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, चांदी त्यात औषधालाही नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण सांगणार कोण? त्यातून बाईंचं त्याच्याविषयीचं मत आधीच ठरलेलं. "वरून चकचकीत करून द्यायचा धंदा," त्या म्हणत. त्यामुळे टेबलावर सगळ्यांना पेटीतला डाव, आणि जावयाची पाळी आली की त्यांचा हात आपोआप स्टीलच्या डावाकडे वळे. आठ वर्षं हे चाललं होतं. गडी हसण्यावारी न्यायचा, पण एकदा तरी आपल्याला त्या डावाने वाढावं ही आस काही मनातून जात नव्हती.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीच्या जेवणाआधी डाव पिवळट दिसू लागला. "घरात कारागीर असताना बाहेर कशाला?" म्हणत बायकोने तो नवऱ्याच्या हाती आणून दिला. नुसता घासून द्यायचा, तर याला उदार व्हायची हुक्की आली. त्याने डावावर खऱ्या चांदीचा जाड थर चढवला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. आईंचं म्हणणं निदान एका डावापुरतं तरी खरं व्हावं, एवढाच हेतू. सासूबाईंनी डाव उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "बरा झालाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही शाबासकीच.

पंचाहत्तरीला अंड्यांचा बेत होता. डाव आणि पळी सकाळपासून अंड्यांच्या पातेल्यांत बुडालेली. अंड्यातलं गंधक म्हणजे चांदीचा हाडवैरी, आणि रोज चांदी हाताळणारा हा शहाणा नेमकं तेच विसरला. वीस माणसं टेबलाशी बसल्यावर सासूबाईंनी डाव उचलला, तो काळाठिक्कर. पळी मात्र लख्ख.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझी चांदी कुठं ठेवलीत?"

मेहुणा खिदळला. बायकोचे कान लाल झाले. "अहो, बोला ना काहीतरी!"

एका वाक्यात तो सुटला असता. पण वडिलांचं नाव घेऊन पंचावन्न वर्षं मिरवलेल्या त्या बाईकडे पाहून त्याची जीभ रेटेना.

"चुकलं, आई. डाव तुमचाच आहे, पॉलिश माझ्या हातून बिघडलं."

जेवणं उरकल्यावर तो मोरीशी डाव घासत उभा होता, तेव्हा सासूबाई आत आल्या. हातात गोळ्यांची छोटी चांदीची डबी.

"ही डबी खऱ्या चांदीची. दरवर्षी काळी पडते. तुमचा डाव एका सकाळीत पडला. बाकीची पेटी आजवर कधीच नाही. डावावर काय चढवलंत?"

"चांदी."

"आणि आत काय आहे?"

तो घासतच राहिला. सासूबाई हळूच स्टुलावर टेकल्या. "बाबांना ठाऊक असेल हो?"

"नसणार. भल्याभल्यांना कळत नाही."

"तुम्हाला कळलं होतं. पहिल्या दिवसापासून." त्यांनी डबी खाली ठेवली. "आणि आठ वर्षं गुपचूप स्टीलच्या डावाचं जेवलात?"

"चव तीच होती, आई."

"पुरे शहाणपणा. आणा तो इकडे. आणखी घासू नका."

संध्याकाळी घरचीच माणसं जेवायला बसली. सासूबाईंनी सगळ्यांना लखलखत्या पळीने वाढलं. जावयापाशी आल्यावर त्यांनी पळी ठेवली आणि तो काळा डाव उचलला.

"आई, बिचाऱ्याला अजून शिक्षा का?" मेहुण्याने विचारलं.

"तू पळीवर भागव," सासूबाई म्हणाल्या आणि जावयाला न विचारता त्याच्या ताटात एक सोडून दोन डाव भरून वाढले.