राखाडी की पिवळी?

रविवारी सकाळी घरून निघेपर्यंत उल्काचं मन राखाडी गाडीवरच पक्कं होतं.

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात लोखंडाचे सुटे भाग ओतण्याचा तिचा कारखाना होता. भट्टीच्या झळा सोसत तिनं तो उभा केला, वाढवला, आणि पन्नाशी ओलांडताना घरात जाहीर करून टाकलं, "मले स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. चालवीन मीच."

नवरा भास्कर रायपूरच्याच मंत्रालयात अधिकारी. तो आधी दचकला, मग म्हणाला, "घे ना. पण लोकाइच्या डोळ्यात भरणारी नको. ऑफिसात नाही नाही ते बोलतील."

म्हणून राखाडी. वरून चारचौघींसारखी साधी, आणि पळायला लागली की कोणाच्या बापाला ऐकणार नाही अशी.

नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर शोरूमचा पियुष वाट पाहत होता. त्यानं राखाडीसोबत आणखी एक गाडी आणली होती. पिवळीजर्द, जमिनीला पोट टेकलेली, दारं पंखांसारखी वर उघडणारी.

"मॅडम, ये तो बस दिखाने के लिए लाया हूँ," तो हळूच म्हणाला.

उल्कानं आधी राखाडी चालवली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. आवाज नाही, हिसका नाही. वेग किती झाला ते काटा पाहिल्यावरच कळलं. भास्कर खूश झाला. "हेच फायनल कर," तो म्हणाला.

"हो, पण आता आणलीच आहे तं तिच्यातही बसून पाहतो," उल्का म्हणाली.

पिवळीत शिरायला दोघांनाही अंगाची घडी करावी लागली. उल्कानं बटण दाबलं मात्र, गाडी अशी डरकाळली की बाजूच्या माळावरच्या टिटव्या ओरडत उडाल्या. तो आवाज तिच्या पोटात शिरला. भट्टी पहिल्यांदा पेटली त्या दिवशी असंच झालं होतं. तिनं पाय दाबला.

"हळू, उल्के, हळू!" भास्करनं दाराचा दांडा धरला.

"अहो, अजून पुरता दाबलाच नाही मी!" ती जोरजोरात हसत होती.

चौकातल्या चहाच्या टपरीजवळ गाडी थांबली आणि पाहता पाहता गर्दी जमली. मोबाइल निघाले. एक जण गाडीला वळसा घालून थेट भास्करच्या खिडकीशी वाकला. "भैया, कितना भागती है?"

उल्काचं हसू मावळलं. कारखान्यातही हेच व्हायचं. मालाचा नमुना हातात घेऊन ती समोर उभी असायची, अन् आलेला माणूस विचारायचा, "साहब कहाँ हैं?" ती दरवेळी निमूटपणे उत्तर द्यायची. आता ती काही बोलणार, तेवढ्यात भास्करच म्हणाला, "मेरे को क्या पूछते हो? मेरे को तो स्कूटर भी नहीं आती. मॅडम से पूछो, वही चलाती हैं."

सगळी गर्दी उल्काच्या बाजूला वळली. प्रश्नांवर प्रश्न. ती इंजिनाबद्दल सांगत सुटली. कॉलेजातली एक मुलगी पुढे घुसली. "दीदी, एक बार आवाज निकालो ना!"

उल्कानं आवाज काढला. "गजब हे दीदी!" म्हणत पोट्टी टाळ्या पिटायला लागली.

परत आल्यावर पियुषनं राखाडीची चावी पुढे केली. उल्कानं ती घेतली नाही.

"अहो, राखाडी चांगली आहे," ती भास्करला म्हणाली. "आरामशीर आहे. तुमच्या ऑफिसातही कोणी काही बोलणार नाही."

"मग?"

"मले पिवळीच पाहिजे."

भास्करनं राखाडीच्या टपावरून हात फिरवला. मग म्हणाला, "अन् मले कोणी विचारलं तं?"

"सांगा, बायकोनं कमावलं, बायकोनं घेतली. बाकी बोलणारे कशावरही बोलतात."

त्यानं पिवळीकडे पाहिलं, मग उल्काकडे. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. इतकी आनंदात ती त्याला कितीतरी वर्षांत दिसली नव्हती.

"घे," तो म्हणाला. "पण ऑफिसात मले सोडायले येऊ नको."

गाडी हाती आली त्याच दिवशी उल्का ती घेऊन सिलतऱ्याला निघाली. कारखान्याच्या फाटकासमोरच्या उंच गतिरोधकावर गाडीचं पोट टेकणार, हे भट्टीवरच्या दयारामनं लांबूनच ताडलं. त्यानं धावत येऊन गतिरोधकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या टाकल्या. आतले कामगार हातमोज्यांसकट बाहेर आले. उल्कानं हॉर्न वाजवत गाडी फळ्यांवरून अलगद आत घेतली आणि खिडकीतून ओरडून म्हणाली, "दयाराम, पटरे यहीं रहने दो. अब रोज आऊँगी!"