पेन्सिलच्या खुणा

"ताई, खुणा पेनाने केल्यात तुम्ही," नवी केमिस्ट हळूच म्हणाली.

ताईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि प्लेट उजेडात धरली. पांढऱ्या थरावर निळे-जांभळे ठिपके वर चढले होते. तुलनेसाठी शेजारी लावलेल्या शुद्ध औषधाच्या रांगेतसुद्धा होते. सकाळी ताईंनीच "औषधात भेसळ आहे" म्हणून सगळा कारखाना डोक्यावर घेतला होता. ती भेसळ म्हणजे शाई होती.

एकतीस वर्षं त्या औषध कारखान्यात त्यांचं हेच काम. औषधाचे थेंब प्लेटच्या तळाशी लावायचे आणि कड द्रावणात टेकवायची. द्रावण वर चढतं, तसं औषध एका उंचीवर थांबतं, त्यातली घाण दुसऱ्या. खुणा पेन्सिलनेच करायच्या, कारण शाईही चढते. हे त्यांनी कित्येकांकडून घोकून घेतलं होतं. साहेबही त्यांचीच बोलणी खाऊन शिकलेले.

"साहेबांना कशाला सांगायचं? मी नवी लावते," पोरगी म्हणाली.

"सांगायचं. सकाळी ओरडताना मी कुणाला विचारलं होतं?"

साहेबांनी हसण्यावारी नेलं. "होतं असं, ताई. सोडून द्या."

पण पेन हातात घेतल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. "महिनाभरात मी पास केलेलं सगळं हिला पुन्हा बघू द्या," त्या म्हणाल्या. साहेबांचं हसू मावळलं.

दुपारभर जुन्या प्लेटा पाकिटांतून निघून दिव्याखाली येत राहिल्या. पोरगी "बरोबर" म्हणायची, ताई वहीत टिक करायच्या. तेविसावी प्लेट ती उलटसुलट करून बघत राहिली.

"बोल की. दातखीळ बसली का?"

"यावर काहीच नाहीये, ताई. थेंब फार खाली लागलेत. सगळं द्रावणात धुऊन गेलंय."

ताईंनी वही पाहिली. तारीख मागच्या मंगळवारची, अक्षर त्यांचंच, सुबक: 'शुद्ध'. कोऱ्या प्लेटवर त्यांनी औषध पाहिलं होतं. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

त्यांनी स्वतःच गोदामात फोन लावला. "मंगळवारचा माल बाहेर गेलाय का? नाही ना? मग थांबवा. हो, मीच पास केला होता. चुकलंय माझं."

फोन ठेवून त्यांनी वही पुढे ओढली. मग 'शुद्ध' खोडून त्यांनी शेजारी सही केली आणि दिव्यासमोरची आपली खुर्ची पोरीकडे सरकवली.

"बस," त्या म्हणाल्या. "अजून सात राहिल्यात."