आठ भोकांची भाकरी

आमच्या ह्यांना माझी भाकरी कधी गोल दिसलीच न्हाई. "नकाशा थापलाय का काय," असं रोजचं. आन त्याच माणसाची नोकरी परवा भाकरीवर येऊन अडली, तवा मी काय बोलायचं सांगा की!

हे टॉवेल रंगवायच्या कारखान्यात फिटर. वाफेच्या पाइपाच्या जोडातनं फुसफुस सुरू झाली. दोन पाइपांची चपटी तोंडं बोल्टांनी आवळतेत, त्याला फ्लँज म्हणतेत. वाफ गळू नये म्हणून मधी भोकं पाडलेली चकती बसवतेत, ती गॅस्केट. ह्यांनी पयलं आणलं लालभडक रबराचं, दिसायला झ्याक. वाफेनं ते पाघळून गेलं. दुसरं मोजलं वितीनं. भोकं एकीकडं, बोल्ट दुसरीकडं. शेठ म्हणला, "प्रभुलिंग, आज सांजच्याला वाफ चालू न्हाई झाली, तर उद्यापासनं गेटवर बसून शिट्टी वाजवायची."

हे तोंड पाडून घरी आले. मी भाकऱ्या थापत हुते. माझ्या हाताखाली बगितलं, डोळे चमकले, आन थापलेली कच्ची भाकरी ताटासकट उचलून निघाले!

"अवो, खायची हाय ती!" मी वरडले. ऐकतंय कोण?

परत आले ते हसतच. कारखान्यात जाऊन ताट उपडं फ्लँजवर दाबलं हुतं. भाकरीवर मधी मोठं भोक, कडंनं आठ बोल्टांची बारकी भोकं. खोटं कशाला बोलू, मला बी कौतुक वाटलं. ताट चुलीपाशी ठेवून हे हात धुवायला गेले.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सासूबाई आल्या, कच्ची भाकरी बगितली, आन टाकली तव्यावर. चांगली कडक भाजली.

"अन्न असं उघडं टाकतेत व्हय?" मलाच बोलल्या.

मी कपाळावर हात मारला. पर हे म्हणले, "आई, लई बेस केलंस. आता वाटंत मोडायची न्हाई." पेपरात गुंडाळली आन निघाले. मी बी मागनं गाडीवर बसले. ह्या माणसाला एकटं सोडायची सोय न्हाई.

गॅस्केटची शीट विकणाऱ्या दुकानदार संगप्पांनी भाकरी उलटीपालटी केली, टिचकी मारली.

"चटणी न्हाई आणली?"

मग भोकात बोल्ट घालून बगितला. जाईना.

"भाजल्यावर आटली की रं ही! वाफेला ही काळी शीट चालंल, पर माप कुटं हाय? फ्लँजवर कागद धरून अंगठ्यानं घासायचं, कडा उमटतेत."

ह्यांचं तोंड पार उतरलं. एवढा राग आला हुता, पर ते तोंड बघून निवला. उद्या हा माणूस शिट्टी वाजवणार? भाकरी काउंटरवर ठेवली, तिचाच पेपर वडला आन म्हणले, "चला!"

कारखान्यात ह्यांनी पेपर धरला, मी घासला. अंगठ्याला तव्याची काजळी हुतीच. आठच्या आठ भोकं उमटली. परत दुकानात आलो, त्या मापानं संगप्पांनी शीट कापून दिली, ह्यांनी बोल्ट आवळले, वाफ सोडली. शेठनं कान लावला. फुसफुस न्हाई. "गेटवर बसायचं ऱ्हायलं," म्हणला आन गेला.

जेवताना ह्यांच्या ताटात भाकरी वाढली. मधी वाटीनं पाडलेलं भोक, कडंनं बाटलीच्या टोपणाची आठ. सासूबाई पदरात तोंड घालून हसाय लागल्या.

"बगा, नकाशा झालाय का?" मी म्हणले.

ह्यांनी शेंगाचटणी वडून घेतली. मान वर केली न्हाई.

"गोल हाय," म्हणले. "लई गोल हाय."