वेदिकाच्या लॅपटॉपवरची करणी

दादूने कोयता टेबलात रोवला, लॅपटॉपपासून चार बोटांवर, आणि मृणालीला बसायला खुर्ची ओढून दिली.

"बस गो," तो म्हणाला. "अकराला पोरीची मुलाखत हाय. तोवर ह्याला पळव. नायतर मी पलीकडे जाऊन येतो."

पलीकडे म्हणजे भिंतीपलीकडे. तिथे मोरू राहायचा, दादूचा चुलतभाऊ. भिंतीतून कोयती पाजवल्याचा आवाज येत होता, खर्र खर्र, न थांबता. ती मोरूची बायको, गुणवंती. आठ दिवस पाजवत होती. त्या पात्याकडे बांगड्याने नुसतं बघितलं तरी त्याचे दोन तुकडे व्हायचे, अशी धार आली होती म्हणे.

मृणाली रत्नागिरीला एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करायची. मशीन फार हळू चालतं, एवढंच तिला फोनवर सांगितलं होतं. कोयत्याचं कोणी बोललं नव्हतं. तिने बॅग मांडीवर घेतली आणि घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा.

दादूबद्दल जयगडात बरंच काही सांगतात. जाळ्यात आलेल्या एका मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, त्याने अशी थोबाडीत दिली की ती पुढे जन्मभर शेवाळावर राहिली. ती मुशी कोणी बघितलेली नाही. मोरूचा जबडा मात्र सगळ्यांनी बघितला. गेल्या बुधवारी वल्ह्याचा एकच फटका बसला आणि दोन दात उडाले. एक अंगणात सापडला. दुसरा बंदरातल्या जहाजावर पडून परदेशी गेला.

झालं होतं ते असं. त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, वेदिकाची, म्हणजे दादूच्या मुलीची, लॅपटॉपवरून मुलाखत होती. जहाजांचा माल बघणाऱ्या एका कंपनीत ऑफिसातली नोकरी. तिसऱ्या प्रश्नाला ती पडद्यावर अडकली ती अडकलीच, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. साहेबांनी वीस मिनिटं तो डोळा बघितला, मग पुढची तारीख दिली आणि बजावलं की ही शेवटची. मोरूच्या सलोनीनेही त्याच जागेला अर्ज केला होता. दादूची आई मथुरा चुलीपुढून उठली आणि म्हणाली, ही मोरूची करणी. दादूला तेवढं पुरलं. सकाळी तो वल्हं घेऊन गेला.

मोरूने सरकारी दवाखान्यात लिहून दिलं होतं की होडीत पाय घसरला. बोलता येत नव्हतं म्हणून लिहून.

मृणालीने लॅपटॉप चालू केला. चालू व्हायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मथुराने तिला गाव, घर, लग्न, पगार सगळं विचारून घेतलं आणि शिक्षणावर येऊन थांबली.

"डिप्लोमा," मृणाली म्हणाली.

"आमचा भगत चवथी नापास होता. पण भूत बाटलीत भरून बूच लावायचा. तू नुसती बघत बसलीस."

मृणाली बघत होती हे खरं. एकही मोठं काम चालू नव्हतं, व्हायरस नव्हता, जागाही भरपूर रिकामी होती. तरी प्रोसेसर स्वतःच्या वेगाच्या सहाव्या हिश्श्यावर रांगत होता. तिने तापमान बघितलं. शंभरच्या घरात. तिने हात खालून लावला आणि पटकन काढून घेतला.

"तापलाय," ती शेजारी उभ्या वेदिकाला म्हणाली. "जास्त तापला की हा स्वतःच हळू होतो. जळू नये म्हणून."

"आमचा दादू तापला की हळू झालेला कोणी बघितलाय?" मथुरा म्हणाली. दादू हसला नाही. त्याने कोयत्याच्या मुठीवर पंजा ठेवला. भिंतीपलीकडची धार क्षणभर थांबली आणि परत सुरू झाली.

मृणालीने मशीन बंद केलं, वर्तमानपत्र पसरलं, लॅपटॉप पालथा घातला आणि दहा स्क्रू काढून ओळीने ठेवले. झाकण उघडलं. आतला पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी राखाडी, बोटभर जाड, लोकरीच्या नमद्यासारखा थर बसला होता. तिने चिमट्याने तो उचलला, तर अख्खी वडी निघाली. बाकीचं ब्रशने झाडलं. कागदावर ढीग जमला आणि खोलीभर कापराचा, उदबत्तीचा वास सुटला.

तिने मान वर केली. मथुरा देव्हाऱ्याजवळ उभी होती. तिचा उजवा अंगठा आणि बाजूचं बोट राखेने करडं झालेलं होतं, रोजच्या सवयीने होतं तसं, नखात शिरलेलं. म्हातारीने ती बोटं पदरात घेतली.

"काय गो ते?" दादूने विचारलं.

मृणालीने कोयत्याकडे बघितलं, मग म्हातारीकडे.

"धूळ," ती म्हणाली.

"एवढी? कुठनं आली?"

"हवेतनं येते."

तिने प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, पंखा बोटाने फिरवून बघितला, दहाही स्क्रू बसवले. या खेपेला लॅपटॉप मिनिटाच्या आत उघडला. वेदिकाने काहीतरी टाइप केलं आणि अक्षरं बोटाखालून लगेच निघाली, तशी तिने तोंडावर हात ठेवला.

अकराला मुलाखत सुरू झाली. दादू चार्जरची वायर दोन्ही हातांनी धरून जमिनीवर बसला होता, वादळात दोर धरावा तसा. पंचवीस मिनिटं वेदिका बोलली आणि पडदा एकदाही अडला नाही. शेवटी साहेब हसले, दोन दिवसांत कळवतो म्हणाले.

दादूने वायर सोडली. उठून टेबलातला कोयता हलवून हलवून काढला.

"बघितलंस ना आये," तो म्हणाला. "वल्हं लागू पडलं. घाबरून करणी काढून घेतली त्याने. आता उरलेलं देऊन येतो, म्हणजे परत नाव नाय घेणार."

वेदिका दारात आडवी आली. त्याने तिला एका हाताने बाजूला केलं, खुर्ची सरकवावी तसं. मृणालीने तोंड उघडलं होतं, पण तिच्या आधी मथुराने टेबलावरचं राखेचं वर्तमानपत्र चारी बाजूंनी गोळा केलं आणि ती अनवाणी बाहेर पडली. सत्तरीची बाई, पण त्या दिवशी तिला दादू गाठू शकला नाही.

गुणवंती पायरीवरच बसली होती, मांडीवर कोयती. मथुराने तिच्या पुढ्यात कागद उघडला.

"करणी माझी होती," ती म्हणाली, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. "पोरीचं भलं व्हावं म्हणून रोज देवाचा अंगारा त्याच्यात फुंकायचे मी. बाजूला भोकं असतात ना, तिथनं. त्यानेच गुदमरलं ते. तुझ्या माणसाने काय नाय केलं."

गुणवंतीने कोयती खाली ठेवली. सावकाश उठली. आणि म्हातारीच्या कानाखाली अशी ओढली की धक्क्यावरचे कावळे उठले, ते संध्याकाळपर्यंत खाली बसले नाहीत.

दादू अंगणात पोचला होता. कोयता वर गेला. मथुराने मागे न बघता हात मागे केला.

"दादू. तिथंच."

दुसरी बसली. मथुराचा चष्मा पायरीवरून घरंगळत खाली गेला. तिने गाल धरला नाही, पदर सारखा केला आणि होती तिथेच उभी राहिली. दादूच्या मानेच्या शिरा दोरासारख्या फुगल्या होत्या. तो आईकडे बघत होता, मग कागदावरच्या राखेकडे, मग परत आईकडे. कोयता हळूहळू खाली आला. पुढे पाय काही त्याला टाकता आला नाही.

आतून मोरूचा आवाज आला. जबडा तारांनी बांधलेला, शब्द असे नव्हतेच, घशातून नुसता हुंकार, दोनदा, तीनदा. गुणवंती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. मारलेला तळवा लुगड्याला पुसत होती आणि मथुराकडे बघत नव्हती.

"हे लिहून विचारतायत, काकी," ती म्हणाली. "वेदिकाची मुलाखत नीट झाली का?"