पंखा फिरत असेपर्यंत

"अजून अर्धा फेरा," बाबा खुर्चीतून ओरडले. तिचा तो अर्धा फेरा मघाशीच मारून झाला होता, पण वाद कोण घालणार! तिने पाना बोल्टवर टेकवून नुसतं जोर लावल्यासारखं केलं.

"हां, आता कसं बसलं!"

पंखा तयार झाला. माणसाच्या उंचीचा, चार चौकोनी लोखंडी पात्यांचा, भोवती जाळीचा पिंजरा. जुन्या यंत्रांचं वेड लागलेली कॉलेजची तीन पोरं चार महिने दर रविवारी वर्कशॉपमध्ये येऊन त्याच्या मागे लागली होती. त्यांच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरने पट्ट्यावर हा पंखा फिरवायचा. एवढी मोठी पाती हवेतून ओढताना इंजिनाचा घाम निघतो आणि त्याच्यात किती दम उरलाय ते कळतं.

"काका, पुढच्या वर्षी वाफेचं इंजिन घेऊ या," त्यांच्यातली चष्मेवाली म्हणाली. "ताई आहेतच."

"आहे ना! माझा उजवा हात आहे ती. उजवा हात कुठे जातोय?"

पोरं हसली. तीही हसली. बाबांचे पाय गेल्यापासून बारा वर्षं ती हाच विनोद ऐकत होती, आणि प्रत्येक वेळी शटर आतून ओढल्यासारखं वाटायचं.

परगावच्या तंत्रशाळेत लेथ शिकवायची नोकरी तिला मिळाली होती. होकार उद्यापर्यंत कळवायचा होता. घरी तिने तीनदा विषय काढला. तिन्ही वेळा बाबा म्हणाले, "काय? ऐकू येत नाही," आणि भिंतीकडे कूस वळवून पडून राहिले. कान अधू होते हे खरंच होतं. पण असली गोष्ट शेजारपाजारला ऐकू जाईल एवढ्याने कशी ओरडायची? मग ती मुकाट्याने भांडी घासायला उठायची.

दाढीवाल्याने हँडल मारलं. ट्रॅक्टर खोकला, शिंकला आणि एकदाचा लागला. पट्टा ताणला गेला, पाती फिरू लागली आणि बघता बघता असा काही घोंगाट उठला की फळीवरचे डबे थरथरले. पोरं एकमेकांच्या कानात ओरडत होती, तरी कुणाला काही कळत नव्हतं. ती जाळीपाशी वेगाच्या काट्यावर नजर ठेवून उभी होती. इथे बोललेलं काळं कुत्रंही ऐकणार नाही, तिच्या मनात आलं.

"बाबा, मी जातेय," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "जीव गुदमरतो माझा इथे. मला जायचंय."

बोलून टाकल्यावर कसं मोकळं वाटलं! तिने मान वळवली. खुर्चीतून बाबा तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

विसरलीच कशी ती? तीस वर्षं बाबांनी कारखान्यात, यंत्रघणांच्या दणदणाटात काढली होती. तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. सगळी माणसं ओठ पाहूनच बोलायची. ती लहान असताना तिलाही त्यांनीच शिकवलं होतं, इथल्याच लेथपाशी. म्हणजे घरी ते भिंतीकडे वळायचे ते...

बाबांचे ओठ हलले. "कधी?"

"एक तारखेला."

ते पंख्याकडे पाहत राहिले. काटा खुणेपर्यंत पोचला तसा दाढीवाल्याने इंजिनाचा वेग उतरवायला दांडा हातात घेतला. बाबांनी झटकन हात वर केला आणि बोटं हलवून खूण केली: वाढव.

काका खुशीत आले म्हणून पोरं टाळ्या पिटू लागली. दाढीवाल्याने दांडा पुढे लोटला. घोंगाट आणखी चढला.

वर केलेला हात तसाच ठेवून बाबा पुन्हा तिच्याकडे वळले.

"राहायची सोय झालीय का?"