साळूची कॅसेट

निवृत्त शिक्षक विष्णुपंतांनी टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडली आणि कळ दाबली. कर्कश चिरचिर सुरू झाली. खुर्चीच्या कडेवर बसलेल्या साळूबाईंनी नकळत पदर सावरला. हा आवाज त्या चाळीस वर्षांनी ऐकत होत्या.

लॅपटॉपवर इम्युलेटर होता. शाळेतल्या त्या जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग वठवणारा हा प्रोग्राम कुणी हौशी लोकांनी मिळून लिहिला होता आणि जगाला फुकट देऊन टाकला होता. त्या काळी प्रोग्राम कॅसेटवर साठवून टेपरेकॉर्डरने संगणकात भरायचे. साळूबाईंची तशी जुनी कॅसेट या सोंगावरही चालते, हे विष्णुपंतांना चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. साळूबाईंना बोलवावं की नाही, यात तीन दिवस गेले. शेवटी भिंगारच्या बाजारात त्यांच्या गिरणीवर दळणाचा डबा ठेवताना ते कसंबसं बोलले.

नववीत असताना साळूने घरच्या विहिरीवरच्या चार वाटेकऱ्यांना पाण्याचे वार नेमून देणारा प्रोग्राम लिहिला होता. दिवाळीनंतर तो नगरच्या प्रदर्शनाला जायचा होता. पण दसरा झाला आणि कॅसेट चालेना. प्रोग्रामच चुकलाय, असं विष्णुपंतांनी साऱ्या वर्गासमोर सांगितलं. तिच्याऐवजी वर्गातला सुहास प्रदर्शनाला गेला; त्याचा प्रोग्राम दहाच ओळींचा होता, तो तिथे जाऊन हाताने टाइप करता आला. साळू पुन्हा संगणकाच्या खोलीत आली नाही.

चिरचिर थांबली. पडद्यावर रोमन अक्षरांत प्रश्न उमटला. आज वार कोणता?

साळूबाईंनी एका बोटाने सोमवार टाकला. उत्तर आलं, कानिफनाथ.

"थोरलं चुलतं," त्या म्हणाल्या. "सोमवार त्यांचाच. बरोबर हाय."

मग त्यांनी मंगळवारही टाकून पाहिला; तोही बरोबर आला.

"म्हंजी चालत हुतं. मी माझ्या लेकीला, आरतीला, कॉम्प्युटरला घातलं न्हाई, सर. लई रडली पोरगी. म्हणलं, आपल्या डोक्यात नसतं ते."

विष्णुपंत चष्मा पुसत राहिले. यंत्र जुनं होतं, एवढंच सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्याने भागलं असतं.

"खंडेनवमीला मी टेपरेकॉर्डरची पूजा केली होती," ते म्हणाले. "झाकण उघडून, आत टेप घासते तिथेही कुंकू लावलं."

साळूबाईंना हसू फुटलं. क्षणभर त्या अगदी नववीतल्या वाटल्या.

"असू द्या, सर. आमी बी लावतोच की गिरणीला. कवा कळलं? आत्ता, ह्याच्यावर?"

इथे हो म्हणता आलं असतं.

"त्याच दिवाळीच्या सुट्टीत. कापसाने पुसलं, तर बोळा लाल झाला. मग तुझी कॅसेट लावून पाहिली. चालली." त्यांनी चष्मा घातला नाही. "प्रदर्शनाला अजून आठ दिवस होते."

साळूबाईंचं हसू लगेच गेलं नाही. विसरल्यासारखं चेहऱ्यावर राहिलं. पडदा पुन्हा वार विचारत होता.

त्या उठल्या.

"दळण दाराशी ठिवलंय तुमचं," त्या म्हणाल्या. या खेपेला त्यात 'सर' नव्हतं.