थॉर्नबेकच्या खिडकीतली बाई

रॉडनी बॅटर्सबीचा उजवा गुडघा लोखंडाचा आहे आणि कानात यंत्र आहे. तरी तो माणूस मला तोंड वर करून म्हणाला, "ग्लेंडा, १९३६ साली या तिकीटखिडकीत बाई नव्हती."

"१९३६ साली तुमचा तो गुडघाही नव्हता, रॉडनी."

"मिस्टर बॅटर्सबी," तो म्हणाला. स्टेशनची टोपी डोक्यावर असेपर्यंत त्याला तसंच म्हणायचं, हा त्याचा कायदा. मी मात्र सदैव ग्लेंडा.

थॉर्नबेकची आगगाडी सरकारने कधीच बंद केली होती. हौशी लोकांनी गंज खरवडून ती पुन्हा चालू केली. ड्रायव्हरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे बिनपगारी, आणि बिनपगारी माणसाला पदाची जेवढी हाव असते तेवढी पगारी माणसाला कधीच नसते. आमचं स्टेशन १९३६ च्या उन्हाळ्यात ठेवायचं ठरलेलं आहे. फलाटावरच्या ट्रंका, दुधाची भांडी, मंजनाच्या जाहिराती, सगळं त्या सालचं. तिकीटघराचा प्रमुख रॉडनी. विमा कंपनीतून निवृत्त झाला आणि थेट छत्तीस सालात राहायला गेला. येण्याजाण्याला मोटार मात्र आजची.

मी दोन वर्षं शनिवारी खिडकीत बसत होते. तोवर त्याला चालत होतं, कारण दुसरं कुणी मिळत नव्हतं. मग हडर्सफील्डहून मिशीवाला एक गृहस्थ तिकिटं द्यायला तयार झाला आणि रॉडनीला एकाएकी इतिहास आठवला.

"चहाघरात माणूस कमी आहे," तो म्हणाला. "तुला तर वाढपाची सवयच आहे."

हे त्याने म्हणायला नको होतं. मी शाळेच्या खानावळीत तीस-एक वर्षं बटाट्याचा लगदा वाढला. त्यावर रस्सा. पोरं ताट पुढे करायची, नजर ताटावर. निवृत्त झाले त्या दिवशी शपथ घेतली की यापुढे परक्याच्या ताटात काही घालणार नाही. आणि मग ही खिडकी मिळाली. जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट, तारखेच्या यंत्रात सारलं की खट्ट असा आवाज. काचेपलीकडे माणूस वाकून माझ्याकडे बघायचा आणि मी विचारायची, "कुठे जायचं?" जन्मात मला एवढं आवडलेलं काम दुसरं नाही. ते त्याने काढून घेतलं आणि माझ्या हातात पुन्हा डाव दिला.

सहा महिने मी चहाघरात मटणाचे पॅटिस गरम केले. डॉरीन, चहाघराची मालकीण म्हणा हवं तर, मला म्हणायची, "अगं सोड ना. त्या मेल्याला काय अक्कल आहे? इथे निदान ऊब आहे."

"ऊब नकोय मला. खिडकी हवीय."

"मग भांड त्याच्याशी."

"भांडतेच आहे." खरंच भांडत होते. समितीकडे तीनदा गेले. समिती म्हणाली, तिकीटघराचा निर्णय तिकीटघराचा.

मग आला युद्धाचा शनिवार-रविवार. वर्षातून एकदा आमचं स्टेशन छत्तीस सोडून दुसऱ्या महायुद्धात शिरतं. वाळूची पोती रचतात, टक्कल पडलेले हिशेबनीस सेनापती होतात, भोंगा वाजतो आणि प्रचंड गर्दी लोटते. आठवडाभर आधी रॉडनी चहाघराच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"खिडकीत बाई हवी," तो म्हणाला. "लढाईच्या काळात पुरुष आघाडीवर होते. ते अचूक दिसलं पाहिजे."

"म्हणजे विनंती करताय?"

"वेळापत्रक सांगतोय."

मी गेले. स्वाभिमान वगैरे ठीक आहे, पण मला ते यंत्र हवं होतं. केस गुंडाळून वर बांधले, निळा कोट घातला आणि दोन दिवस अशी तिकिटं दिली की मिशीवाल्याने बघत राहावं. रांग पार पुलापर्यंत. मी इतकी खूश होते की रविवारी दुपारी रॉडनी कुठे दिसत नाही हेही लक्षात आलं नाही.

चार वाजता बॅंड वाजला, कुणीतरी ओरडलं, "लढाई संपली!" झेंडे हलले. गर्दी दुभंगली आणि मधून रॉडनी आला. लढाईवरून सुटून आलेल्या शिपायासारखा तपकिरी सूट, डोक्यावर हॅट, हातात पुठ्ठ्याची सूटकेस, दुसऱ्या हातात कार्नेशनच्या फुलांचा गुच्छ. रांग ओलांडून तो थेट माझ्या काचेसमोर उभा राहिला आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्यामागे छान सांभाळलंत. देश तुमचा ऋणी आहे. आता आम्ही परत आलो. तुम्ही निवांत घरी जा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला यातलं काही सांगितलं नव्हतं. आणि बघते तर चहाघराच्या दारात डॉरीन, तिच्या हातात माझा ॲप्रन. तिला त्याने तो घेऊन उभं राहायला सांगितलं होतं. ती बिचारी जमिनीकडे बघत होती.

म्हणजे मला हाकलायचं, तेही वाजतगाजत, आणि त्याला इतिहास म्हणायचं. 

"कुणी सांगितलं संपली?" मी म्हणाले.

लोक हसले. रॉडनीचा गुच्छ तसाच हवेत. तो पुटपुटला, "ग्लेंडा, ऊठ."

"माझ्यापर्यंत बातमी आलेली नाही," मी आणखी मोठ्याने म्हणाले. "आणि साहेब, इथे रांग आहे."

बस्स. आम्हा इंग्रजांना तुम्ही काहीही करा, शिवी द्या, कर वाढवा, पण रांगेत घुसू नका. पुढच्या जाड्या गृहस्थाने मान वळवली. "खरंच की हो. आम्ही पाऊण तास उभे आहोत."

"मागे जा, आजोबा!" पुलावरून आवाज आला.

"शिपाई असला म्हणून काय झालं? रांगेत या!"

जन्मभर रांगेत शिस्तीने उभा राहिलेला माणूस तो. भर फलाटावर रांग मोडणारा ठरला, तेव्हा मानेपासून कपाळापर्यंत लाल झाला. सूटकेस उचलली आणि लंगडत लंगडत पुलापर्यंत गेला. मी एकेकाला तिकीट देत होते. घाई केली नाही. प्रत्येकाला विचारलं, कुठे जायचं, जाऊन यायचं का, कुत्रा बरोबर आहे का.

त्याचा नंबर लागला तेव्हा गार्डने शिट्टी तोंडाशी नेली होती. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी खिडकी बंद, हा नियम रॉडनीनेच स्वतःच्या हाताने रंगवून भिंतीवर लावलेला आहे. तो वाकला, काचेतून माझ्याकडे बघितलं. मी काच खाली ओढली. बाहेर टाळ्यांचा नुसता कडकडाट.

गर्दी पांगल्यावर तो मागच्या दाराने आत आला. "उद्यापासून या स्टेशनात पाऊल ठेवायचं नाही," तो दातओठ खात म्हणाला. "मी तुला..."

एवढ्यात आमचे अध्यक्ष ऑब्री दार ढकलून आत आले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. "काय प्रवेश रंगवलात! बीबीसीवाल्यांनी शिकावं. कुणाची कल्पना, रॉडनी?"

रॉडनीने माझ्याकडे बघितलं, मग ऑब्रीकडे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगायचं तर खानावळीतल्या बाईने चारचौघांत त्याला झोडपलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते त्याच्या जिभेवर येणं शक्य नव्हतं.

"आम्ही दोघांनी मिळून बसवलं," तो म्हणाला.

"मिळूनच," मी म्हणाले. "चार दिवस तालीम केली. आणि दर शनिवारी मी खिडकीत असावं हेही आमचं मिळूनच ठरलंय. हो ना रे, रॉडनी?"

डोक्यावर टोपी नव्हती त्याच्या, हॅट होती. म्हणजे 'मिस्टर बॅटर्सबी'चा कायदा लागू नव्हता.

"हो," तो म्हणाला.

"उत्तम!" म्हणत ऑब्री निघून गेले.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही दोघं त्या एवढ्याशा खोलीत असतो. तो एकच कप चहा करतो, स्वतःपुरता. माझी खुर्ची दर वेळी खिडकीपासून लांब सरकवलेली असते, मी ती परत ओढते. मी तिकीट देताना तो माझ्या हातांवर पाळत ठेवतो, एक तरी चूक सापडावी म्हणून. डॉरीन विचारते, कशाला हा दर शनिवारचा ताप, सोड की आता.

तिला कसं सांगू? तो मनापासून माझा द्वेष करतो, आणि मी त्याचा. द्वेष करायला तरी माणसाकडे नीट बघावं लागतं. खानावळीत माझ्या वाट्याला तेवढंही कधी आलं नव्हतं.